डॉक्टरीणबाई रखमाबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत या खेपेस एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र थोडक्यात यावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले आणि ते काम माझ्याकडे दिले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्वत्तेचा आव आणणे मला शोभणार नाही. दुपारची भांडी आवरल्यावर जे वाचले आणि इतक्या वर्षांच्या संसारात जे पाहिले, तेवढेच येथे मांडते. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

सोलापुरात डॉक्टर म्हटले की पहिले नाव ओठांवर येते ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. आपल्या गावचा हा मुलगा १९३८ साली चीनला गेला आणि तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली तिथेच वारला. त्यांचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. परंतु बायकांच्या दुखण्यांसाठी ज्यांनी जन्म वेचला, त्या डॉक्टरीणबाई आपल्याला फारशा ठाऊक नसतात. म्हणून मी डॉ. रखमाबाई यांचे चरित्र निवडले.

त्यांचा सोलापूरशी संबंध काय, असे कोणी विचारील. आपण रोज डफरीन चौक ओलांडतो. भाजी घेऊन येताना, मुलांना शाळेत सोडताना ते नाव तोंडात असतेच. तिथल्या डफरीन दवाखान्यात आपल्यापैकी कितीजणींची बाळंतपणे झाली असतील! पण डफरीन म्हणजे कोण? ती व्हाइसरॉयची पत्नी होती. १८८५ साली तिने हिंदुस्थानातील स्त्रियांना वैद्यकीय मदत पोचविण्यासाठी एक निधी उभा केला. त्या काळी घरंदाज बायका परपुरुषासमोर येत नसत, आणि डॉक्टर तर सगळे पुरुषच. पुष्कळ घरांतून डॉक्टर पडद्याच्या अलीकडे बसे, बाई पलीकडे. नाडी पाहण्यापुरता एक हात बाहेर येई. एवढ्यावरून त्याने काय ओळखायचे आणि कसले औषध द्यायचे? म्हणून या निधीने तीन कामे ठरविली : स्त्रियांना डॉक्टर, परिचारिका आणि सुईणीचे शिक्षण देणे, बायकांसाठी दवाखाने काढणे, आणि शिकलेल्या स्त्रिया गावोगाव पुरविणे. गावोगाव डफरीनचे नाव लागले ते या चळवळीतून. रखमाबाई त्याच काळातल्या, आणि या निधीने जे योजिले ते प्रत्यक्षात आणणाऱ्या मोजक्या स्त्रियांतल्या एक.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग आणि आईचे जयंतीबाई. रखमाबाई अडीच वर्षांच्या असतानाच वडील वारले. घराणे सुतार ज्ञातीचे. त्या ज्ञातीत विधवेचा पुनर्विवाह होत असे. जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. सखाराम अर्जुन हे मुंबईचे नामांकित डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत, आणि १८८३ साली निसर्गाचा अभ्यास करणारी जी मोठी संस्था मुंबईत स्थापन झाली तिच्या संस्थापकांत ते होते. सावत्र बाप म्हटला की आपल्या मनात वेगळेच चित्र उभे राहते. या बापाने मात्र मुलीची पाठराखण सख्ख्याहून अधिक केली.

वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. दादाजी तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. जावयाने सासऱ्याच्या घरी राहून शिकावे, चांगला माणूस व्हावे, असे ठरले होते. ते त्यांच्याकडून झाले नाही. शाळा सुटली, प्रकृतीने दगा दिला आणि ते आपल्या मामाकडे जाऊन राहिले. इकडे मुलगी वयात आली. रूढीप्रमाणे तिला लगेच नवऱ्याकडे पाठवायचे. पण सखाराम अर्जुन डॉक्टर होते. कोवळ्या वयात मुलीच्या देहाचे काय होते हे त्यांनी आपल्या धंद्यात पाहिले होते. त्यांनी तिला पाठविले नाही. रखमाबाई आईजवळच राहिल्या आणि मिळतील ती पुस्तके वाचीत राहिल्या. मिशनच्या वाचनालयातून इंग्रजी पुस्तके आणून त्यांनी घरच्या घरी ती भाषा शिकून घेतली. घरी सुधारक मंडळींचे येणेजाणे असे, त्यांचे बोलणे कानी पडे. अशी वर्षे गेली आणि त्या नवऱ्याला ओळखण्याइतक्या मोठ्या झाल्या. ज्या माणसाविषयी मनात ना आदर ना ओढ, त्याच्या घरी नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला.

१८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, की ही माझी बायको आहे, तिला माझ्या घरी पाठवा. हा खटला सगळ्या देशात गाजला. त्यातच १८८५ साली सखाराम अर्जुन वारले. आधाराचा खांब कोसळला; पण रखमाबाई डगमगल्या नाहीत. त्याच साली त्यांनी टोपणनावाने इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रे लिहिली. बालविवाहाने मुलींचे शिक्षण कसे खुंटते आणि त्यांची प्रकृती कशी ढासळते, ते त्यांत मांडले होते.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाणत्या वयात लग्न लागलेल्या आणि कधीच न नांदलेल्या बाईला बळाने नवऱ्याकडे धाडणे त्यांना मान्य नव्हते. यावर मोठा गहजब झाला. धर्म बुडाला, अशी ओरड झाली. लोकमान्य टिळकांनीही रखमाबाईंच्या विरुद्ध लिहिले. थोर माणसांचे सगळेच मत बायकांच्या बाजूने असते असे नाही, हे यावरून कळते; आणि तेवढ्यावरून त्यांचे थोरपण उणे होते असेही मला वाटत नाही. पुढे दादाजींनी अपील केले. १८८६ साली खटला पुन्हा चालविण्याचा हुकूम झाला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल फिरविला : महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नवऱ्याकडे जाण्याची सक्ती करणारा हा कायदा आपल्या शास्त्रांतला नव्हेच. तो इंग्रजांच्या देशातून आला होता, आणि तिथे अशा कामी तुरुंगाची शिक्षा १८८४ सालीच काढून टाकली होती. म्हणजे इंग्रजाने आपल्या घरातले मोडके जाते आपल्या अंगणात आणून ठेवले, आणि आपले लोक त्यालाच धर्म म्हणून कवटाळून बसले!

त्याच आठवड्यात महाराष्ट्रावर आणखी एक घाव पडला होता. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने वारल्या. फॅरन यांचा निकाल त्यानंतर सहाव्या दिवशी लागला. आनंदीबाईंचे तान्हे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले होते, त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांचा विभाग त्यांच्या हाती सोपविण्याचे ठरले होते. पण तिथे जाऊन काम करण्याइतके आयुष्य देवाने दिले नाही. एकीने पदवी मिळविली आणि ती गेली. दुसरी तुरुंगाच्या दाराशी उभी होती, आणि डॉक्टर होण्याचे तिच्या स्वप्नातही होते की नाही देव जाणे. पहिलीचे राहिलेले काम पुढे दुसरीने केले.

अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २००० रुपये घेऊन आपला हक्क सोडला आणि दुसरे लग्न केले. रखमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. सुटका झाली, पण पुढे काय? नवऱ्याला सोडलेली बाई आयुष्यभर आईच्या घरी बसून काय करणार? या ठिकाणी त्यांच्या आयुष्यात एडिथ पीचीबाई आल्या.

पीचीबाईंची गोष्टही सांगण्याजोगी आहे. १८६९ साली एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यक शिकायला ज्या पहिल्या स्त्रिया शिरल्या त्यांतल्या त्या एक. रसायनशास्त्रात त्यांचा वरचा नंबर आला, पण बाई म्हणून त्यांची शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली गेली, आणि शेवटी पदवीही त्या विद्यापीठाने दिली नाही. तरी त्या दुसरीकडे परीक्षा देऊन डॉक्टर झाल्याच. १८८३ साली त्या मुंबईस आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थाने दिलेल्या देणगीतून बायकांसाठी कामा इस्पितळ उभे राहिले आणि १८८६ साली ते उघडले. तिथे बायकांना तपासणारी बाई, औषध देणारी बाई, शस्त्रक्रिया करणारीही बाई. पीचीबाई त्याच्या मुख्य डॉक्टर होत्या आणि परिचारिका शिकवून तयार करण्याचे कामही त्यांनी केले. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्याचा सल्ला दिला. पैशांची सोय हितचिंतकांनी वर्गणी काढून केली. १८८९ साली रखमाबाई बोटीने विलायतेस गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकशाळेत दाखल झाल्या.

आता त्या तिथे शिकल्या काय, हे थोडे विस्ताराने सांगते. कारण आपल्या विषयाचे मर्म त्यात आहे.

बायकांची दुखणी हा डॉक्टरांच्या अभ्यासातला मोठा भाग आहे, असे आज आपल्याला वाटते. पूर्वी तसे नव्हते. बाळंतपण हे सुईणीचे काम. पुष्कळ डॉक्टर त्याला कमी लेखीत. खुद्द इंग्लंडात औषधोपचाराची किंवा शस्त्रक्रियेची एखादीच परीक्षा देऊन माणूस डॉक्टर म्हणवून घेत असे. प्रसूतीचे त्याला काही कळते की नाही, हे कोणी विचारीत नसे. १८८६ साली तिथे कायदा झाला, की औषधोपचार, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र या तिन्हींत परीक्षा दिल्यावाचून कोणाचेही नाव डॉक्टरांच्या यादीत चढणार नाही. गल्लीतल्या साध्या डॉक्टरलाही बाळंतिणीचे ज्ञान हवे, हे अशा रीतीने सक्तीचे झाले. रखमाबाई तीनच वर्षांनी तिथे पोचल्या. म्हणजे त्या शिकल्या ते नव्या शिस्तीत.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. १८४७ साली व्हिएन्ना शहरात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने पाहिले, की इस्पितळात ज्या खोल्यांत शिकाऊ डॉक्टर बाळंतपणे करीत तिथे बाया सूतिकाज्वराने अधिक मरत, आणि सुईणी जिथे करीत तिथे कमी. डॉक्टर मुडदे चिरून तसेच बाळंतिणीकडे येत, हे त्याचे कारण. त्याने सर्वांना औषधी पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. तरी मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही. आपल्याच हातांनी बाया मरतात हे कबूल करणे त्यांना जड गेले. १८६७ साली लिस्टर यांनी कार्बोलिक वापरून शस्त्रक्रिया करण्याची रीत मांडली, आणि मग हळूहळू हात, हत्यारे, चादरी सगळे निर्जंतुक करण्याचा पाठ पडला. रखमाबाईंच्या पिढीने हा पाठ पहिल्यापासून गिरविला.

हे वाचताना मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्यांची पाचही बाळंतपणे घरी झाली. विड्या वळता वळता कळा सुरू व्हायच्या, सूप बाजूला सारायचे आणि सुईणीला निरोप धाडायचा. खोलीला खिडकी नाही, दाराला गोधडी, आत शेगडीचा धूर. नाळ कापायला घरातलेच पाते. पाचांपैकी तीन मुले जगली. एक सातव्या दिवशी आकडी येऊन गेले. सटवीने नेले, असे सगळे म्हणाले. सुईण बिचारी वाईट नव्हती. तिने आडलेल्या कितीतरी बायका सोडविल्या. पण न उकळलेल्या पात्याने नाळेवाटे धनुर्वात होतो, हे तिला कोणी शिकविलेच नव्हते. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपण म्हणतो. तो दुसरा जन्म पुष्कळदा दुसऱ्याच्या शिकण्यावर अवलंबून असतो.

लंडनच्या शाळेच्या प्रमुख तेव्हा एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या होत्या. रॉयल फ्री नावाच्या इस्पितळाने या शाळेच्या मुलींना खाटांजवळ उभे राहून शिकण्याची मुभा दिली होती. इतर मोठ्या इस्पितळांची दारे बंदच होती. पुस्तकातून रोगाचे नाव कळते. रोग्याच्या अंगाला हात लावला म्हणजे रोग कळतो. पाच वर्षे रखमाबाईंनी हे शिक्षण घेतले. परक्या देशातली थंडी, परकी भाषा आणि मुंबईत मागे राहिलेली आई. १८९४ साली त्यांनी स्कॉटलंडातल्या परीक्षा देऊन वैद्यकीची सनद मिळविली. ब्रुसेल्स येथील एम. डी. ही पदवीही त्यांनी घेतली.

मायदेशी आल्यावर त्यांना सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात मुख्य डॉक्टरीणबाईची जागा मिळाली. भाषा गुजराती, गाव परके. दवाखाना होता, खाटा होत्या, डॉक्टरीण होती. पण बाया येईनात. दवाखान्यात बाळंतपण करणे म्हणजे मरणाला बोलावणे, अशी समजूत होती. त्यावेळची एक गोष्ट सांगतात. रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणली आणि सगळ्यांच्या देखत तिला मोकळी केली. शेळी आणि करडू दोन्ही सुखरूप राहिलेली पाहून बायांची भीती मोडली आणि त्या येऊ लागल्या. ही गोष्ट मला फार आवडते. लंडन-ब्रुसेल्सच्या पदव्या घेतलेली बाई शेळीचे बाळंतपण करायला कमीपणा मानीत नाही. डॉक्टर कितीही शिकलेला असो, रोग्याचा विश्वास त्याला रोग्याच्या दाराशी जाऊन मिळवावा लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

सुरतेत त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तो गुजरातेतही पसरला, त्या दिवसांतही त्या तिथेच होत्या. १९०४ साली दादाजी वारल्याचे कळले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा वेष धारण केला, असे त्यांच्या चरित्रात येते. ज्या लग्नाला त्यांनी जन्मभर लग्न मानले नाही, त्याच्यासाठी हा वेष का? मी यावर पुष्कळ विचार केला. जिथे काम करायचे तिथल्या बायकांत मिसळून राहावे म्हणून असेल, किंवा मनात दुसरेच काही असेल. आपण त्याचा निवाडा करू नये. नवऱ्याकडे जायचे की नाही हे जसे त्यांचे त्यांनी ठरविले, तसेच हेही.

१९१८ साली त्यांना सरकारच्या स्त्री-वैद्यकीय सेवेत मोठी जागा देऊ केली होती. ती त्यांनी घेतली नाही. त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या संस्थानच्या जनाना इस्पितळात निवृत्त होईपर्यंत राहिल्या. १९२९ साली पडदापद्धतीच्या विरुद्ध त्यांनी एक पुस्तिका लिहिली. जिने पस्तीस वर्षे पडद्याआडच्या बायका तपासल्या, तिच्याहून पडद्याची किंमत कोणाला अधिक कळणार? निवृत्त झाल्यावर त्या मुंबईस परत आल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी देह ठेवला. स्वराज्य आलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या खटल्याने जी चर्चा उठली तिचाही हातभार लागून १८९१ साली मुलींचे संमतिवय दहावरून बारा झाले होते. आज ते आकडे वाचून अंगावर काटा येतो. पण तेवढ्या दोन वर्षांसाठीही केवढे रण माजले होते!

रखमाबाई आणि आनंदीबाईंच्या बरोबरीने कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली यांचेही नाव घेतले पाहिजे. १८८६ पासून त्या तिकडे वैद्यकी करीत होत्या. पहिली कोण, याचा वाद विद्वानांनी घालावा. मला रखमाबाईंचे मोठेपण त्यांच्या त्या पस्तीस वर्षांत दिसते. खटल्याची कीर्ती चार वर्षांची. दवाखान्यातले काम रोजचे, आणि त्याची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात छापून आली नाही.

भगिनींनो, आता आपल्याकडे पाहू. आज एम. बी. बी. एस. होणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला स्त्रीरोग आणि प्रसूती हा विषय घ्यावाच लागतो. आयुर्वेदाच्या आणि होमिओपॅथीच्या पदवीलाही तो आहे. आपल्या सोलापुरात १९६३ पासून मेडिकल कॉलेज आहे, त्यात कितीतरी मुली शिकतात. पडदा गेला. मग बायकांची दुखणी वेळेवर कळतात का?

आमच्या घरचीच हकिकत सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या अंगावर दोन वर्षे फार जात होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे त्या दर महिन्याला जायच्या आणि कंबर दुखते, एवढेच सांगायच्या. बाकावर शेजारचे पुरुष बसलेले, मध्ये एक आखूड पडदा, बरोबर कोणी बाई नाही. त्या बोलायच्या नाहीत आणि डॉक्टर विचारायचे नाहीत. गोळी घ्यायची, पैसे द्यायचे, घरी यायचे. एक दिवस जिन्यावर चक्कर येऊन पडल्या तेव्हा रक्त तपासले. बाईच्या अंगात रक्ताचे प्रमाण बारा तरी असावे लागते. यांचे सहावर आले होते. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासून गर्भाशयात गाठ असल्याचे सांगितले. शस्त्रक्रिया झाली, आता त्या धडधाकट आहेत. पण ती दोन वर्षे फुकट गेली. सुईणीपुढे पोट लपवून काय उपयोग, अशी आपली म्हण आहे. आपण मात्र लपवितो, आणि समोरचाही ते उघड करून विचारीत नाही.

आपल्या शेजारीच याचे उलट उदाहरण झाले, ते मुद्दाम सांगते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर इस्पितळाने आणि मुंबईच्या टाटा इस्पितळाने मिळून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ नंतर एक मोठी पाहणी केली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या सव्वा लाखाहून अधिक खेडवळ बायका तिच्यात होत्या. ज्या गावांत गर्भाशयाच्या तोंडाची एका विशिष्ट विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, तिथे पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने, जवळजवळ निम्म्यावर आले. हे २००९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. त्या बाया आपल्यासारख्याच. शेतात खुरपणारी, चुलीपुढे बसणारी, लाजणारी. पण शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका त्यांच्यापर्यंत गेल्या, नीट समजावून सांगितले, आणि त्या तपासून घ्यायला आल्या. मला यात सुरतेची ती शेळी दिसते.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. यंदाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलची वाटी देण्याऐवजी तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची तपासणी आपण ठरवावी. डफरीनमध्ये किंवा सरकारी इस्पितळात चारचौघींनी मिळून जावे. एकटीला संकोच वाटतो, घोळक्यात वाटत नाही. आणि आपापल्या गल्लीतल्या डॉक्टरांना मंडळाच्या वतीने तीन गोष्टी विनवाव्यात : बाईशी बोलायला आडोसा करावा, तपासताना एखादी बाई जवळ असू द्यावी, आणि कंबर दुखते म्हणणाऱ्या बाईला पाळीविषयी आपणहून विचारावे. त्यांनी हे शिकलेले असते. आपण मागितले नाही म्हणून ते बॅगेतच राहते.

आपल्या बाजूनेही काही पाळू या. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावर गेले, मधल्याच दिवसांत किंवा नवऱ्याजवळ राहिल्यावर रक्त दिसले, पांढऱ्या जाण्याला घाण वास आला, स्तनात गाठ हाताला लागली, तर त्याच आठवड्यात दाखवावे. सण झाल्यावर, लग्न उरकल्यावर, मुलांची परीक्षा संपल्यावर असे म्हणू नये. घरातल्या पुरुषांनी हे पान वाचले तर त्यांनीही चिडू नये. घरची बाई आजारी पडली की चहासुद्धा वेळेवर मिळत नाही, हे त्यांना चांगले ठाऊक आहे.

रखमाबाईंनी ऐन तारुण्यात, आपल्या देहाविषयी बोलण्याचा हक्क आपला आहे असे भर कोर्टात सांगितले आणि नंतर पस्तीस वर्षे दुसऱ्या बायकांना ते बोलायला शिकविले. आपल्याला कोर्टात जायचे नाही की विलायतेस जायचे नाही. आपल्याला फक्त डफरीन चौकापर्यंत जायचे आहे. तपासणीला येणाऱ्या भगिनींनी आपली नावे पुढच्या मंगळवारपर्यंत चिटणीसबाईंकडे द्यावीत. माझे आणि माझ्या जाऊबाईंचे नाव मी आधीच देऊन ठेवले आहे.